हेल्मेटातला प्रोसेसर

हेल्मेट डोक्यावर घालतात, मिलिंद. एवढी साधी गोष्ट तुला सांगावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. आता सांगून उपयोग नाही, तरी सांगते, कारण तू गेल्यापासून माझ्या तोंडात दुसरं काही येतच नाही. घरात लोक येतात, बसतात, चहा घेतात, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात, आणि मी कपबश्या उचलताना मनात हेच एक वाक्य घोळवत असते. चारचौघांत ते बोलता येत नाही. तुला बोलायची मला कधी चोरी नव्हती, म्हणून तुलाच लिहिते.

पोलिसाने तुझं हेल्मेट माझ्या हातात दिलं. तुझे दादा आत डॉक्टरांशी बोलत होते, मी बाहेर बाकावर बसले होते. हेल्मेटवर एक ओरखडा नव्हता. गाडीच्या हँडलला पट्ट्याने अडकवलेलं होतं, ते त्यांनी सोडवून आणलं होतं. आत तुझा पिवळा दुपट्टा कोंबलेला आणि दुपट्ट्यात गुंडाळलेला एक खोका. नागपूरहून आणलेला नवा प्रोसेसर. त्या खोक्याचा कोपरासुद्धा दबला नव्हता. "हेल्मेट तं होतं याच्याजवळ, म्याडम," पोलीस म्हणाला. "घातलं काहून नाई?" मी त्याला काय सांगणार होते? मी म्हटलं, "त्यात सामान होतं." तो त्याच्या कागदांकडे वळला. रस्त्यावर रेती सांडून गेलेल्या ट्रकवाल्याचा राग मला नंतर आला. पहिला राग तुझा आला.

ही सवय तुझी जुनी. पहिल्यांदा तू प्रोसेसर आणलास तो पाठीवरच्या बॅगेत. रस्त्याला खड्डे, बॅगेत चार्जर, डबा, पाण्याची बाटली. घरी येऊन खोका उघडलास तर त्याच्या खालच्या केसाएवढ्या पिनांपैकी दोन-चार वाकलेल्या. माझ्या शिलाईच्या डब्यातली सुई घेऊन तू अख्खी दुपार त्या सरळ करत बसलास. मी फोडणी टाकली तर ठसका लागून तुझा हात हलेल म्हणून माझ्यावर ओरडलास. त्या दिवशी घरात वरणाला फोडणी पडली नाही. तेव्हापासून प्रोसेसर हेल्मेटात बसून यायला लागला. त्याला दुपट्ट्याची गादी, आणि तू उघड्या डोक्याने. मी दारातच अडवलं होतं तुला. "अन् डोस्कं कुठं ठेवलं?" तर दात काढून म्हणालास, "वयनी, याच्या पिना वाकल्या तं वांधा हाय. माह्या डोक्याले कुठं पिना हायत?" सगळे हसले. आईसुद्धा हसल्या.

आता ऐक. तुझा तो नागपूरचा दुकानदार भेटायला आला होता. मग मी त्याला हेल्मेटाचं सांगितलं, पिनांचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, या नव्याले तं पिनाच नाहीत. खालून सपाट राहते हा. पिना आता बोर्डात असतात." हे तुला माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही. त्या प्रोसेसरबद्दल तू कितीतरी दिवस वाचत होतास, जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा करून वाचत होतास. म्हणजे सवय म्हणून केलंस. नुसती सवय म्हणून, मिलिंद! तुझ्या हुशारीला काय जाळायचंय?

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मी आसगावहून लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आले. बाबा तेव्हा फॅक्टरीत होते. तू शाळेत होतास आणि मागच्या खोलीत बाबांचा रेडिओ उघडून बसला होतास. मी रीतीप्रमाणे तुला 'भाऊजी' म्हटलं, तर तू मागे वळून बघितलंस की ही कोणाला हाक मारते. दुसऱ्या दिवसापासून मी नावावर आले. पुढे बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, भंडाऱ्यात हे घर झालं. बाबा गेले. तू समोरच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलंस आणि मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून स्टुडिओ केलास. लग्नाचा विषय काढला की तुझं ठरलेलं उत्तर, "पहिले मशीन तं पास होऊ दे, वयनी." मशीन पास होईना आणि तू बोहल्यावर चढेनास.

एक गोष्ट मात्र मी तुझ्या नावाने बोटं मोडतानाही विसरत नाही. आसगावला मी रोवण्यात गायचे. धानाचे पऱ्हे लावताना बाया गातात तसं, चिखलात वाकून, मोकळ्या गळ्याने. लग्न झाल्यावर ते गाणं भांडी घासण्यापुरतं उरलं. मग शाळेत नोकरी लागली, आणि गळा पोरांवर ओरडण्याच्या कामी आला. या घरात मला गाता येतं हे कोणाच्या ध्यानात नव्हतं, तुझ्या दादांच्यासुद्धा. तू मात्र एक दिवस हातात पेचकस घेऊन न्हाणीच्या दाराशी येऊन उभा राहिलास. "वयनी, तेच परत म्हण." माईकसमोर नेऊन बसवलंस, कानाला हेडफोन लावलेस आणि माझाच आवाज मला ऐकवलास. मी रडले, आणि तू घाबरून आईंना हाक मारलीस. एवढं मला कोणी कधी दिलं नाही. हे तुला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं. आपण दोघं भांडण्यातच रमलो.

तुझं पोट चौदा एप्रिलच्या, जयंतीच्या गाण्यांवर चालायचं. जयंतीच्या आधीचे दोन महिने आपल्या गल्लीत गायन पार्ट्यांची रीघ. ढोलकीवाला एका कोपऱ्यात, गाणारा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तू मध्ये वायरींच्या जंजाळात. गाणारा चिडायचा की हेडफोनमध्ये आवाज मागून येतो, ठेका चुकतो. तिथून तुला हे प्रोसेसरचं वेड लागलं. मला तू ते इतक्या वेळा समजावलंस की मी आता वर्गातसुद्धा शिकवू शकेन. माईकमध्ये गेलेला आवाज मशीन घासाघासाने खातं. घास मोठा असला तर मशीन निवांत चावतं, पण आवाज कानात परत यायला उशीर होतो, आणि गाणारा गडबडतो. घास बारीक केला तर आवाज लगेच परत येतो, पण मग मशीनला प्रत्येक घास वेळेच्या आत संपवावाच लागतो. हजार घास वेळेत खाल्ले आणि एक राहिला, की गाण्यात 'टक्' करून आवाज येतो, आणि गाणं नासतं. "ताकद किती हाय हे नाई पाहायचं, वयनी," तू म्हणायचास. "एकदाही चुकत नाई ना, ते पाहायचं." दुकानवाले ताकदीचे आकडे सांगायचे. तू म्हणायचास, पहिलवान कितीही मोठा असू द्या, हाक मारल्यावर उठला पाहिजे.

पहिला प्रोसेसर आणलास तो पहिलवानच होता. त्यावर तू ढोलकी, पेटी, कोरस, वर आवाजाचा घुमारा असं सगळं एकाच वेळी लादलंस आणि घास बारीक बारीक करत गेलास. थोड्याच वेळात टकटक सुरू झाली. त्याला तू नापास केलंस. दुसरा वीज वाचवायला मध्येच डुलकी घ्यायचा, आणि डुलकीतून उठेपर्यंत घास निघून जायचा. तू त्याची झोप बंद करून टाकलीस, सेटिंगमध्ये जाऊन, आणि वर मला म्हणालास, "आता माह्यासारखाच झाला हा." तो थोडा बरा निघाला. तिसरा आणलास तो नव्या जातीचा. त्यात थोडे तगडे कोअर, म्हणजे आत काम करणारे गडी, आणि बरेचसे लहान कोअर. हलक्या कामाला लहान, भारी कामाला तगडे, अशी त्याची घरातली वाटणी. पण गाण्याचं काम कधी लहानांच्या वाट्याला जायचं आणि टक्. तू लहान सगळे बंद करून ठेवलेस. "अर्ध्या घराले कुलूप लावलं," म्हणालास. मग मात्र टकटक थांबली. आकडेही नीट आले. तुझा चेहरा उजळला. मला वाटलं सुटलो एकदाचे.

पण तुझी खरी परीक्षा आकड्यांची नव्हतीच. ती आईंची आणि माझी होती. आईंचं माहेर करडीचं. लग्नानंतरही बरीच वर्षं त्या दर पावसाळ्यात भावाच्या धानाच्या बांध्यांवर रोवण्याला जायच्या, आणि त्यांना गाणी इतकी येतात की रोवणा संपतो पण गाणी संपत नाहीत. आता करडीतही बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोबाईल ठेवून वाजवतात. गाणारी कोणी उरली नाही. म्हणून तुला आईंची सगळी गाणी रेकॉर्ड करायची होती, आणि माझ्यासोबत करायची होती, कारण रोवण्याचं गाणं एकटीचं नसतं. बायांची अर्धी रांग गाते, अर्धी रांग तेच शब्द परत घेते. पहिलीचा शेवटचा शब्द संपायच्या आधी दुसरीने तो धरायचा, आणि दुसरीचा संपायच्या आधी पहिलीने पुढचा काढायचा. तू त्याला शेपूट धरणं म्हणायचास. बाया वाकलेल्या, मागे मागे सरकत जाणाऱ्या, कोणी कोणाकडे बघत नाही. कानावर सगळा कारभार.

म्हणून तू आईंना स्टुडिओत बसवायचास, मला बुद्धवंदनेच्या खोलीत, दार बंद करून. दोघींच्या कानांना हेडफोन, मध्ये फक्त तुझं मशीन. मशीन उशीर करत असेल तर दोघी एकमेकींसाठी थांबणार आणि गाणं हळूहळू मंद होत जाणार. डोकेबाज परीक्षा होती, यात वाद नाही. आणि गाणं ठरलेलं एकच, कारण एकाच मापाने सगळं तोलायचं:

पान्यात पाय माहे, धुऱ्यावर नजर वं,
कोन येते दुरून, उडते पदर वं.

किती वेळा म्हटलं ते आम्ही! आईंना बाकीची गाणी आठवायची, त्या म्हणायच्या, "हे दुसरं घे न रे बावा." तू म्हणायचास, "पहिले मशीन पास होऊ दे." आणि दर वेळी सुरुवातीला गाणं दुडक्या चालीने निघायचं आणि शेवटाकडे रेंगाळायचं. पहिल्या मशीनवर रेंगाळलं, दुसऱ्यावर रेंगाळलं, आणि आकडे उत्तम आलेल्या त्या तिसऱ्यावरही रेंगाळलं. मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत ना, मग सोड आता. तू खुर्चीत मागे रेललास आणि म्हणालास, "आकडे खोटं बोलू शकतात, वयनी. माही आई नाई."

त्या वाक्यावर आज बोलते. गाढव होतास.

आपलं शेवटचं भांडण यावरूनच झालं. आईंचा दम कमी होत चालला होता. जिना चढून आल्या की दोन मिनिटं बोलत नव्हत्या. मी तुला म्हटलं, आवाज काही तुझ्या प्रोसेसरसाठी थांबणार नाही, जे मशीन आहे त्यावर कर, झालं गाणं थोडं मंद तर होऊ दे. तू चिडलास. "मंद गाणं ठेवून काय करू? उद्या कोणी ऐकल तं म्हणन, या बाया अशाच रडत-खडत गात होत्या. आई अशी गाते का?" तुझं म्हणणं खोटं नव्हतं. करडीच्या रोवण्याची ती चाल मीही ऐकली आहे, तिच्यात मरगळ नसते. पण मी म्हटलं, "अन् काहीच राहिलं नाई तं?" तू गाडीची किल्ली घेतलीस. दारात थांबलास. "हा आणतो. हाही पास नाई झाला तं तू म्हणशीन त्या मशीनवर, वयनी. बस्स. रविवारी आईले बसवू." बोर्ड तू आधीच आणून ठेवला होतास. जाताना हेल्मेट डोक्यावर होतं तुझ्या, मी बघितलं. जाताना होतं.

लोक काय काय बोलले ते तुला कळायला हवं. एकजण म्हणाला, संगीतासाठी गेला. मी त्याला चहा दिला नाही. दुसरा म्हणाला, क्षणाचाही उशीर सहन न होणारा माणूस, जायचीही घाई केली. टाळ्या मिळायच्या तेवढ्या राहिल्या. तू घाईने गेला नाहीस, रेतीवरून घसरून उघड्या डोक्याने गेलास, हे त्याला सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. दादांनी माझा हात दाबला. दादांचं काय सांगू? आता कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी तुझंच हेल्मेट घालून जातात. मी घालायला लावते. गल्ली हसते, हसू दे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी यायच्या आधी मी हॉलमध्ये गेले, तर तुझ्या फोटोसमोर फुलांत तो प्रोसेसरचा खोका मांडून ठेवलेला. तुझ्या कोण्या मित्राला सुचलं असेल, त्याची शेवटची वस्तू म्हणून. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी तो खोका उचलला, फुलं खाली सांडली, आणि आतल्या खोलीत नेऊन कपाटात फेकला. बायांमध्ये कुजबुज झाली. खुशाल होऊ दे. जो तुझ्या जागी हेल्मेटात बसून घरी आला त्याच्यापुढे मी हात जोडणार नव्हते.

सगळे गेल्यावर आई माझ्यामागे त्या खोलीत आल्या. कपाटाचं दार उघडंच होतं. त्यांनी खोका हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"यात काय हाय वं, शीला?"

"मशीनचा भाग हाय, आई. मिलिंदनं तुमच्या गाण्यासाठी आणला होता."

"गान्याले काय झालं होतं?"

मी थकले होते, तंद्रीतच बोलून गेले. "मंद पडत होतं ना ते. सुरुवातीले बरोबर, अन् शेवटी रेंगाळे. तो म्हणे, मशीन उशीर करते."

"मशीन कायले उशीर करन?" आई म्हणाल्या. "मीच थांबत होती. त्या कानातल्यात तुहा दम ऐकू ये मले. वावरात कोनाचा दम ऐकू येते? पानी वाजते, बाया हासतात. इथं तं तू माह्या कानापाशी धापा टाकत होती. लेकरू दम घेऊन राहिलं, अन् मी कशी पुढं ओढू?"

मी पलंगावर बसले. माझा दम आखूड आहे, मिलिंद, पहिल्यापासून. गाणं लांबलं की धाप लागते. हेडफोनमध्ये तो आईंना स्पष्ट ऐकू जात होता, कारण तुझा माईक चांगला होता, तुझं मशीन चांगलं होतं, सगळं वेळेवर पोचत होतं. इतकं वेळेवर की सासूला सुनेची दया आली.

"मग त्याले सांगतलं काहून नाई?" माझा आवाज चढला.

"त्यानं इचारलं नाई. 'आई, बरोबर झालं?' म्हने. मी म्हनलं, 'बरोबर झालं.' बरोबरच तं झालं होतं."

इचारलं नाई! अरे, जगाला विचारलंस तू. नागपूरच्या दुकानांना विचारलंस, मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंस, माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरणीला कोअर म्हणजे काय ते शिकवलंस. आणि जिच्या गाण्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती तुझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिला एकदा विचारायचं होतंस, आई, तू थांबतेस का गं? आपल्या घरची माणसं म्हणजे माप, असं तू धरलंस. मापालाही जीव असतो. आकडे खरे होते. तिसरं मशीन पास झालेलं होतं. तुला नागपूरला जायचं कारणच नव्हतं. हे मला आता कळून मी काय करू? कोणावर ओरडू? तुझ्या फोटोवर ओरडले, तर शेजारची बाई पाणी घेऊन आली.

पण त्या दिवशी, त्या खोलीतच, मला आईंचा चेहरा दिसला. त्या खोक्याकडे बघत होत्या. गाणं मंद होतं म्हणून खोका, खोक्यासाठी नागपूर, नागपूरहून... मी पटकन उठले आणि खोका त्यांच्या हातातून घेतला. "हे तसं जयंतीच्या गाण्यांसाठी होतं, आई," मी म्हटलं. "तुमच्या गाण्याचं त्यानं असंच म्हटलं असंल. पार्टीवाले मागे लागले होते न त्याच्या." खोका मी कपाटात अगदी मागे सारला आणि वर बेडशीट टाकलं. ही गोष्ट मी दादांनाही सांगितलेली नाही. तुला सांगते, कारण तुझ्याकडून फुटायची भीती नाही.

रविवार आला. तू म्हणाला होतास, हा पास झाला नाही तर वयनी म्हणेल त्या मशीनवर. मी तुझा शब्द धरला. दुपारची जेवणं झाल्यावर तुझ्या खोलीचं दार उघडलं. खुर्चीवर तुझा शर्ट तसाच होता, तो उचलून बाजूला ठेवायला मला बराच वेळ लागला. तुझं तिसरं मशीन सुरू केलं, तू नापास केलेलं. तुझ्या मागे उभं राहून इतक्या वेळा पाहिलं होतं की हात आपोआप चालले. दादांना म्हटलं, ते लाल बटण मी सांगितल्यावर दाबा, आणि बाकी कशाला हात लावू नका. आईंना त्यांच्या जागी बसवलं. "तेच म्हनायचं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाई. तुम्हाले वाटते ते म्हणा." मी वंदनेच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि हेडफोन घातले.

त्यांनी जे गाणं काढलं ते मी या जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे आसगावला ते नाही. इतकी वर्षं ते त्यांच्या पोटात होतं, आणि आपण तोच एक पदर उडवत बसलो होतो. मी त्यांचे शब्द धरत गेले. त्यांचा आवाज अगदी माझ्या कानात, वेळेवर, कुठे टक् नाही, काही नाही. करडीच्या बांधीत निघावं तसं गाणं निघालं. तिसऱ्या-चौथ्या कडव्याला आईंची ओळ मध्येच तुटली. हेडफोनमध्ये मला त्यांचा दम ऐकू आला. आत घेतलेला, मग अडकलेला, मग पुन्हा घेतलेला. रीतीप्रमाणे मी तिथे शेपूट धरून पुढे व्हायला हवं होतं. मी थांबले. त्यांनी ओळ पुरी केली, मग मी घेतली. पुढच्या ओळीलाही थांबले. त्यानंतरच्याही. शेवटी गाणं पार मंदावलं, तू भिंतीवर डोकं आपटलं असतंस इतकं.

मी दार उघडून स्टुडिओत आले. दादा बटणावर बोट ठेवून तसेच उभे होते. आईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, दादांकडे नाही, मशीनकडे नाही.

"मंद झालं का वं?" त्यांनी विचारलं.

"नाई, आई," मी म्हटलं. "एकदम बरोबर झालं."

खोटं बोलले मी, मिलिंद. त्या खोलीत हे ओळखणारा एकच कान होता, तुझा. ये, आणि मला खोटं पाड.